इंधन पिकवायला किती इंधन लागते?

मका, ऊस, इथेनॉल आणि सौर ऊर्जा यांविषयी खान्देशातून बरीच पत्रे आली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नावर आहे. एखादे इंधन तयार करताना जी ऊर्जा खर्ची पडते ती वजा केल्यावर हाती खरोखर किती उरते, हा तो प्रश्न. म्हणून निवडक पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या भागात कापूस कमी होऊन मक्याचा पेरा वाढला आहे. इथेनॉलमुळे मक्याला उठाव आहे, असे व्यापारी सांगतात. माझा अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या मात्र म्हणतो की, मक्यापासून एक लिटर इथेनॉल करायला त्या लिटरात असते त्याहून जास्त ऊर्जा लागते, म्हणजे हा सगळा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. यात तथ्य किती?
— एक शेतकरी वाचक, चोपडा

उत्तर : आपल्या पुतण्याचे म्हणणे ऐकीव नाही, त्यामागे एक गाजलेला वाद आहे. अमेरिकेतील डेव्हिड पिमेंटेल आणि टॅड पॅटझेक या दोन अभ्यासकांनी २००५ मध्ये असा हिशेब मांडला होता की, मक्याचे इथेनॉल करताना त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा २९ टक्के अधिक खनिज ऊर्जा जळते. पुढच्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात अशा सहा अभ्यासांची छाननी प्रसिद्ध झाली. तोटा दाखवणाऱ्या हिशेबांत जुनी आकडेवारी वापरली होती आणि इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या पशुखाद्याचे मोल धरलेच नव्हते, असे तिच्यात दाखवून दिले होते. तेव्हापासून सर्वसाधारण मत असे आहे की, मक्याच्या इथेनॉलमध्ये एक भाग ऊर्जा घातली तर सव्वा ते दीड भाग परत मिळते. तोटा नाही, पण नफा इतका बेताचा आहे की हिशेबाची एखादी बाब इकडची तिकडे झाली तरी तो नाहीसा होतो. घरच्या माणसांची मजुरी न धरता काढलेला शेतीचा नफा जसा कागदावर चांगला दिसतो, तसेच इथेही होते. कोणती बाब धरली आणि कोणती सोडली यावर सगळे अवलंबून असते.

आपल्याच एका एकराचा हिशेब करून पाहू. एका क्विंटल मक्यापासून साधारण ३७ लिटर इथेनॉल मिळते. एकरी २५ क्विंटल उतारा धरला तर सव्वानऊशे लिटरांच्या आसपास इथेनॉल होईल. आता खर्चाची बाजू पाहू. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि भारतातील कारखान्यांत एक टन युरियामागे सुमारे साडेपाच ते सहा गिगाकॅलरी ऊर्जा लागते. याचा अर्थ, ४५ किलोच्या एका गोणीमागे जवळजवळ तीस लिटर डिझेलाइतकी ऊर्जा आधीच जळून गेलेली असते. बागायती मक्याला एकरी तीन गोण्या टाकणारे शेतकरी कमी नाहीत. त्या तीन गोण्याच इथेनॉलमधील एकूण ऊर्जेचा सहावा-सातवा हिस्सा खाऊन टाकतात. त्या मानाने नांगरटी, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी यांसाठी लागणाऱ्या पंचवीसेक लिटर डिझेलाचा वाटा चार-पाच टक्क्यांपुरताच आहे. आपल्याला खर्च जाणवतो तो डिझेलाचा, कारण त्याचे पैसे रोख मोजावे लागतात. युरियाची गोणी अनुदानामुळे स्वस्त पडते, म्हणून तिच्या पोटातली ऊर्जा आपल्या नजरेत भरत नाही.

सर्वांत मोठा खर्च मात्र शेतात नसून कारखान्यात आहे. मका दळून, शिजवून, आंबवून जे द्रावण मिळते त्यात मद्यार्काचे प्रमाण जेमतेम दहा-बारा टक्के असते. ते ऊर्ध्वपातनाने पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत नेणे, मग उरलेले पाणीही काढून टाकणे आणि शेवटी ओला चोथा वाळवून पशुखाद्य करणे, या तिन्ही कामांना वाफ लागते. धान्यावर चालणाऱ्या कारखान्यात ती बहुधा कोळशावर किंवा भुशावर तयार होते. इथेनॉलमधील उष्णतेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत ऊर्जा एवढ्यातच जाते. रब्बी मक्याला ट्यूबवेलचे पाणी दिले असेल तर पंपाची वीज आणखी वेगळी.

मग सरकार याच्या मागे का आहे, असे आपण विचाराल. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते, कोळसा मात्र बराचसा देशातला आहे. मक्याचे इथेनॉल म्हणजे एका अर्थाने देशी कोळसा आणि थोडे ऊन यांचे गाडीत भरता येईल अशा द्रवात केलेले रूपांतर होय. परकीय चलनाच्या दृष्टीने त्याला काही अर्थ आहे, पण तिथेही युरियासाठी लागणाऱ्या वायूपैकी बराच वायू बाहेरून येतो, ही बाब सोयीस्करपणे बाजूला ठेवली जाते. ऊर्जेची बचत या नावाखाली मात्र या इथेनॉलचे समर्थन करता येत नाही, असे माझे मत आहे. मक्याला मिळणारा भाव हे वेगळे खाते आहे. तो मिळत असेल तर आपण तो जरूर घ्यावा.

प्रश्न : मक्यापेक्षा उसाचे इथेनॉल चांगले, ब्राझीलने ते सिद्ध केले आहे, असे कारखान्याच्या सभेत सांगितले जाते. आमच्याकडे तापीकाठी ऊस आहे, पण अलीकडे काही जण दूरच्या कोरडवाहू पट्ट्यात ट्यूबवेल घेऊन ऊस लावू लागले आहेत. दोन्ही उसांचे इथेनॉल सारखेच ‘हरित’ मानायचे का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराची दिशा आहे. ब्राझीलविषयी जे सांगितले जाते ते खरे आहे. तिथल्या उसाच्या इथेनॉलमध्ये घातलेल्या खनिज ऊर्जेच्या आठपट ऊर्जा परत मिळते, असे हिशेब प्रसिद्ध आहेत. याचे मुख्य कारण बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. एक टन उसातून थेट रसापासून केलेले इथेनॉल सुमारे ७० लिटर मिळते, तर त्याच टनातून पावणेतीनशे किलोहून अधिक ओला बगॅस निघतो. आणि त्या बगॅसमधील उष्णता ७० लिटर इथेनॉलमधील उष्णतेपेक्षा जास्त असते. कारखान्याचा बॉयलर याच बगॅसवर चालतो, त्यामुळे मक्याच्या बाबतीत जो सर्वांत मोठा खर्च होता तो इथे जवळजवळ नाहीसा होतो. वर सहवीजनिर्मितीतून वीजही विकता येते.

पण ब्राझीलच्या त्या आकड्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे पाऊस. तिथला बहुतांश ऊस पावसावर येतो. आपल्याकडे तसे नाही. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉलविषयक आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नमूद केले आहे. या आकड्यावर चर्चा होते ती पाण्याच्या टंचाईच्या अंगाने, आणि ती योग्यच आहे. मला इथे त्याची ऊर्जेची बाजू मांडायची आहे, कारण तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

एक हजार लिटर पाणी एक मीटर वर उचलायला किमान किती ऊर्जा लागते, हे निसर्गनियमाने ठरलेले आहे. शंभर मीटर खोलीवरून तेच पाणी आणायचे तर किमान ०.२७ युनिट. पंप, मोटार आणि पाइपलाइन यांतील घट धरता आपल्या शेतातल्या सर्वसाधारण पंपाची एकूण कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून प्रत्यक्षात हजार लिटरांमागे ०.६८ युनिटाच्या जवळपास वीज लागते. खान्देशातला पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आगेमागे आणि उसाची गरज दोन हजारांच्या घरात, म्हणून २,८६० लिटरांपैकी दोनतृतीयांश पाणी, म्हणजे एकोणीसशे लिटर, आपण वरून द्यावे लागते असे धरू. हे पाणी शंभर मीटर खोल ट्यूबवेलचे असेल तर एक लिटर इथेनॉलमागे सव्वा युनिटाहून अधिक वीज नुसत्या पाणी उपसण्यात जाते. ही वीज दीपनगरसारख्या कोळशाच्या केंद्रातून येत असेल, तर कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो आणि तारांमधून काही गळते. सगळे जमेस धरता लिटरामागे चार युनिटांहून अधिक उष्णतेचा कोळसा जळतो. एक लिटर इथेनॉलमध्ये स्वतःची उष्णता असते ५.९ युनिट. खते, डिझेल, ऊसतोड, वाहतूक यांचा हिशेब अजून मांडलेलाच नाही. ब्राझीलची आठपट इथे कुठल्या कुठे जाते.

याच्या उलट गिरणेच्या जामदा कालव्यावरचा किंवा पांझरेच्या फड पद्धतीतला शेतकरी घ्या. तिथे पाणी उताराने शेतात येते आणि उपशाची ऊर्जा शून्य असते. तापीकाठी नदीतून वीस-पंचवीस मीटर उचलून घेतलेल्या पाण्याचा खर्च शंभर मीटरच्या ट्यूबवेलच्या चौथ्या हिश्श्याएवढा. म्हणजे कारखाना तोच आणि जातही तीच असली, तरी एका उसाच्या इथेनॉलचा ऊर्जा परतावा दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकतो. पाणी किती खोलवरून आले, यावर तो ठरतो. पाणीपातळी दरवर्षी खाली जात असलेल्या भागात तर हा परतावा वर्षागणिक घसरत राहणार. म्हणून दोन्ही उसांचे इथेनॉल सारखेच हरित मानायचे का, याला माझे उत्तर नाही असेच आहे. आणि कोरडवाहू पट्ट्यात ट्यूबवेल घेऊन इंधनासाठी ऊस लावणे हा मला ऊर्जेच्या दृष्टीनेही चुकीचा उद्योग वाटतो.

साखर काढून उरलेल्या मळीचे इथेनॉल हे थोडे वेगळे प्रकरण आहे. तिथे ऊस साखरेसाठीच पिकवलेला असल्याने त्याच्या पाण्याचा मोठा भाग साखरेच्या खात्यावर जातो. मात्र शेवटच्या, साखर संपूर्ण काढून घेतलेल्या मळीचे इथेनॉल एक टन उसामागे दहाएक लिटरच होते. मोठी उद्दिष्टे एवढ्यावर भागत नाहीत, म्हणूनच थेट रस आणि धान्य यांकडे धोरण वळले. पावसाने ओढ दिल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घालावे लागले, त्यावरून या धोरणाचा पाया पाण्यावर किती अवलंबून आहे ते दिसले.

प्रश्न : पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून माझ्या जुन्या दुचाकीचे अ‍ॅव्हरेज कमी झाले आहे. हा भास आहे की वस्तुस्थिती?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : वस्तुस्थिती आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच उष्णता असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने त्यासाठीच बनवलेल्या इंजिनात ही घट बरीचशी भरून निघते. जुन्या रचनेच्या दुचाकीत तीन-चार टक्के आणि जुन्या चारचाकीत सहा-सात टक्के घट अपेक्षित असल्याचे नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात म्हटले होते. आपली घट याहून बरीच जास्त असेल तर कार्ब्युरेटर आणि चाकांतली हवा तपासून घ्यावी. सगळा दोष इथेनॉलला देऊ नये.

प्रश्न : समाजमाध्यमांवर एक संदेश सारखा फिरतो की, सोलर पॅनेल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते पॅनेल आयुष्यभरात तयार करत नाही. शाळेच्या छतावर पॅनेल बसवण्याचा प्रस्ताव आहे आणि पालकसभेत हाच मुद्दा निघाला. त्यांना काय सांगावे?
— एक शिक्षिका, धुळे

उत्तर : हा संदेश चुकीचा आहे. तो पूर्णपणे बिनबुडाचा मात्र नाही, कारण सुरुवातीच्या काळात सिलिकॉनचे पॅनेल बनवायला खरोखरच फार ऊर्जा लागत असे आणि ती भरून निघायला बरीच वर्षे जात. तो काळ मागे पडला.

ऊर्जा जाते कुठे ते पाहू. गारगोटीसारख्या शुद्ध वाळू-दगडापासून विद्युत भट्टीत सिलिकॉन वेगळे करतात. ते अत्यंत शुद्ध करण्यासाठी त्याची वायुरूप संयुगे करून हजार अंशांहून अधिक तापमानात पुन्हा घनरूपात आणतात. मग त्याचे ठोकळे करून हिऱ्याच्या कणांच्या तारेने केसापेक्षा फार जाड नसलेल्या चकत्या कापतात. वर काच आणि भोवती अ‍ॅल्युमिनिअमची चौकट. एक किलो अ‍ॅल्युमिनिअम धातुकातून वेगळे करायला चौदा-पंधरा युनिट वीज लागते, म्हणून चौकटीचा वाटाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण २००४ च्या सुमारास एका वॉटमागे सोळा ग्रॅम सिलिकॉन लागत असे, ते आता अडीच-तीन ग्रॅमांवर आले आहे. चकत्या पातळ झाल्या, कापताना वाया जाणारा भुसा कमी झाला आणि त्याच चकतीतून वीज जास्त मिळू लागली.

धुळ्याच्या उन्हात एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाला चौदाशे ते पंधराशे युनिट देते. ते युनिट कोळशाच्या विजेची जागा घेते असे धरून वाचलेला कोळसा मोजला, तर पॅनेल, सांगाडा, तारा आणि इन्व्हर्टर यांत घातलेली ऊर्जा साधारण एका वर्षात भरून निघते. कडक हिशेब करायचा आणि विजेच्या एका युनिटाला उष्णतेचे एकच युनिट मानायचे म्हटले, तर अडीच-तीन वर्षे लागतात. पॅनेलची हमी २५ वर्षांची असते. म्हणजे कडक हिशेबानेही आठ-दहापट परतावा आहे. लोक या दोन पद्धतींची सरमिसळ करतात, त्यामुळे एका लेखात पंचवीसपट आणि दुसऱ्यात आठपट असे आकडे दिसतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. इथेनॉलशी तुलना करताना मी कमी असलेला आकडा घेणे पसंत करतो.

पालकसभेत आणखी दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगाव्यात. पॅनेल बनवण्याच्या साखळीतील प्रत्येक टप्प्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग चीनमध्ये आहे आणि तिथली बरीच वीज कोळशाची आहे. पॅनेल स्वच्छ, पण त्याचे जन्मस्थान तितकेसे स्वच्छ नाही. दुसरे, आपल्याकडचे ऊन जसे जमेची बाजू आहे तसा आपला उन्हाळा खर्चाची. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की छतावरच्या पॅनेलचे तापमान पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत चढते आणि पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३५ टक्के वीज घटत जाते. ऐन दुपारी पंधरा टक्क्यांची घट त्यामुळे नेहमीचीच. छत आणि पॅनेल यांत हवा खेळेल इतके अंतर ठेवावे आणि धूळ पहाटे, पॅनेल थंड असताना, धुवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. साक्री तालुक्यातील शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सरकारी प्रकल्प २०१३ पासून याच हवामानात उभा आहे. शक्य असल्यास मुलांची सहल तिकडे न्यावी; संदेशांना तेच चांगले उत्तर होईल.

प्रश्न : माझ्याकडे पाच एचपीचा सौर पंप आहे. केळी होती तोवर तो रोज चालायचा. आता सगळा कापूस आहे आणि पंप वर्षातले बरेच महिने बंदच असतो. मग त्या पॅनेलचा तो आठ-दहापट परतावा कुठे गेला?
— एक शेतकरी वाचक, यावल

उत्तर : नेमका मुद्दा पकडला आहे आपण. परताव्याचे सगळे हिशेब पॅनेलने तयार केलेली प्रत्येक युनिट वापरली गेली असे मानून केलेले असतात. आपल्या पंपावरचे सुमारे पाच किलोवॉटचे पॅनेल वर्षाला सात हजार युनिटांपर्यंत देऊ शकेल. पण त्याला वीज वाहिनीची जोड नसेल तर मोटार बंद असताना ती ऊर्जा जागच्या जागी विरते. ठिबकवरच्या केळीला जवळजवळ रोज पाणी लागते, म्हणून तिथे पॅनेलचे चीज होते. कापसाला मोजक्या पाळ्या दिल्या की काम संपले. वापर तिसऱ्या हिश्श्यावर आला तर परतावाही तिसऱ्या हिश्श्यावर येतो. तरीही तो मक्याच्या इथेनॉलपेक्षा बराच आहे.

म्हणूनच गावाच्या उपकेंद्राजवळ एकत्र प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज देण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला ऊर्जेच्या दृष्टीने सुट्या पंपांपेक्षा सरस वाटते. तिथे शेतीला नको असलेली वीज दुसऱ्या कोणाला तरी मिळते. रात्री साप-विंचवाच्या भीतीत बारी धरण्यातून सुटका हा सुट्या पंपाचा मोठा लाभ आहे आणि तो मी कमी लेखत नाही; दिवसाच्या वाहिनीने तोही मिळतो. आपण पंपाच्या नियंत्रकाला पिठाची गिरणी किंवा कडबाकुट्टी जोडता येते का, याची पुरवठादाराकडे चौकशी करावी. तशा सोयीचे नियंत्रक मिळतात, मात्र हमी कायम राहते का हे लेखी विचारून घ्यावे.

आणि एक सावधगिरीची सूचना. सौर पंपाला बिल येत नाही. यावल-रावेर पट्ट्यात पाणी आधीच खोल गेलेले असताना फुकटची ऊर्जा हे जास्त उपशाचे निमित्त ठरू नये. पाणी आणखी खाली गेले की तोच पंप, त्याच उन्हात, कमी पाणी देतो.

प्रश्न : एकरभर जमिनीवर ऊस लावून इथेनॉल करावे की तिथे सोलर बसवावे? गाडी जास्त कशाने चालेल?
— एक वाचक, जामनेर

उत्तर : एकरी ४० टन ऊस धरला तर २,८०० लिटर इथेनॉल, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार युनिट उष्णता. इंजिनात तिच्यातला पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो: चार हजार युनिट. बगॅसची विकता येण्याजोगी वीज जमेस धरली तर फार तर त्याची दुप्पट. त्याच एकरात सुमारे दोनशे किलोवॉटचे पॅनेल बसतात आणि वर्षाला जवळजवळ तीन लाख युनिट देतात. बॅटरीवरच्या गाडीत सगळी घट धरूनही दोन लाख युनिट चाकांपर्यंत जातात. फरक पंचवीसपटीहून अधिक आहे. वनस्पती उन्हातली एखादा टक्का ऊर्जाच साठवते आणि आजचे पॅनेल वीस टक्क्यांहून अधिक पकडते, हे त्याचे मूळ.

म्हणून काळी कसदार जमीन पॅनेलखाली घालावी, असे मात्र मी म्हणणार नाही. फरक एवढा मोठा आहे की त्यासाठी चांगल्या जमिनीची गरजच पडत नाही. छते, पडीक माळ, कालव्यांच्या कडा पुष्कळ आहेत. धुळे जिल्ह्यातील विखरण येथे वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याचा प्रश्न २०१८ मध्ये थेट मंत्रालयापर्यंत गेला, ते आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. शिवाय इथेनॉल टाकीत साठवता येते, ऊन साठवायला बॅटरी लागते आणि तिच्यातही ऊर्जा घातलेली असते. विमान किंवा दूरवरची अवजड वाहतूक यांना द्रव इंधनच अधिक सोयीचे आहे. जामनेर-जळगाव अशी रोजची ये-जा करणाऱ्या दुचाकीला ती गरज नाही.

प्रश्न : पूर्वी मोगली एरंडाचा फार गाजावाजा झाला होता. त्याचे पुढे काय झाले? आणि आमच्याकडे कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर जळतात, त्यांचे इंधन करणे परवडेल का?
— एक शेतकरी वाचक, पारोळा

उत्तर : मोगली एरंडापासून बायोडिझेल करण्याची मोहीम २००३ च्या सुमारास जोरात होती आणि २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात डिझेलमधील मिश्रण एक टक्क्यापर्यंतही गेले नाही. हे झुडूप मुरमाड जमिनीत जगते हे खरे, पण जगणे निराळे आणि भरपूर बी देणे निराळे. बी हवे तर खत-पाणी द्यावेच लागते, आणि ते द्यायचे तर शेतकरी दुसरे पीक घेईल.

पऱ्हाट्यांची गोष्ट वेगळी. कापूस पिकवण्याची सगळी ऊर्जा कापसाच्या खात्यावर आधीच पडलेली असते, पऱ्हाटी हाती येते ती वरकड. वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे चार हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. आपल्या वीज केंद्रांना मिळणाऱ्या देशी कोळशाहून ती कमी नाही. २०२१ च्या धोरणाने औष्णिक केंद्रांना कोळशात पाच टक्के जैवगोळ्या (काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या) मिसळायला सांगितले, त्यामुळे मागणीही आहे. अडचण आकारमानाची आहे. सुटी पऱ्हाटी भरलेली ट्रॉली दिसते डोंगराएवढी आणि वजन भरते थोडे, म्हणून दूरच्या कारखान्यापर्यंतच्या फेऱ्यांत डिझेलच जास्त जळते. शेतातच बारीक करून मग नेली, किंवा पांढरा कोळसा, म्हणजे काडीकचरा दाबून केलेले जळाऊ ठोकळे, करणारा कारखाना तालुक्यातच असला, तर व्यवहार चांगला जमतो. तसा कारखाना जवळ नसेल तर रोटाव्हेटर किंवा श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडणे हे जाळण्यापेक्षा केव्हाही बरे. तेवढा सेंद्रिय अंश तरी रानात राहतो.

मात्र भाव वाढेल या आशेने पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात उभी ठेवू नये. त्यात गुलाबी बोंडअळीचे कोष राहतात आणि पुढच्या हंगामात फवारणीचा खर्च वाढतो. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून रानाबाहेर काढावी, उरलेली कीडकी बोंडे वेचून नष्ट करावीत आणि विकायची असल्यास बारीक करून मगच ढीग लावावा.